मदत हवी आहे: पेडण्यात 'गगन'चा सिग्नल दिसतो, पण जीपीएसची चूक दुरुस्त होत नाही

नमस्कार मंडळी. मी पेडण्यात अकरावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. मोपा विमानतळाची विमानं शाळेवरून जातात, म्हणून प्रदर्शनासाठी 'गगन' हाच विषय घेतलाय. जीपीएसने दाखवलेली जागा अधिक अचूक करणारी, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ही यंत्रणा. जमिनीवरची १५ केंद्रं जीपीएसमधली चूक मोजतात आणि ती दुरुस्ती जीसॅट-८, जीसॅट-१० हे उपग्रह खाली पाठवतात. त्यातलं एक केंद्र आपल्या गोव्यात आहे, हे सांगितल्यावर मुलांचे डोळे केवढे चमकले!

आम्ही छोटं जीपीएस मॉड्यूल गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवलंय. उपग्रहांच्या यादीत ४० आणि ४१ दिसतात, म्हणजे पीआरएन (उपग्रहाचा ओळख-क्रमांक) १२७ आणि १२८, दोन्ही 'गगन'चेच. पण मॉड्यूल जागेची माहिती देतं त्या जीजीए ओळीत फिक्स क्वालिटी १ (साधं जीपीएस) वरच अडकलीय, २ (दुरुस्ती लागू झालेली) होत नाही. मॉड्यूल 'गगन'सारख्याच अमेरिकेच्या 'वास' (WAAS) किंवा युरोपच्या 'एग्नॉस' (EGNOS) यंत्रणेचेच नंबर शोधत असेल का? पीआरएनची निवड हाताने कशी बदलायची? नैऋत्येला उंच माड आहेत, जीसॅट-८ त्याच बाजूला. त्याने फरक पडतो का?

दुसरं असं, की दुपारी दोनच्या सुमारास आमची जागा दाखवणारा नकाशावरचा ठिपका जास्त भटकतो. जीपीएसच्या सिग्नलला उशीर लावणारा वातावरणातला विद्युतभारित थर, म्हणजे आयनोस्फिअर, तेव्हा सर्वांत दाट असतं, आणि आपल्यासारख्या विषुववृत्ताजवळच्या भागात त्याचा त्रास जास्त, हे मुलांना कळलंय. ते प्रत्यक्ष दाखवायला किती दिवसांच्या नोंदी घ्याव्यात?

कुणी मॉड्यूलचं सेटिंग केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. मुलं रोज विचारतात.