आजोबांच्या ट्रंकेतले जुने फोटो: ओळखायला, जपायला मदत हवी आहे

मंडळी, जरा लांबण लागणारे, आधीच सांगते.

डिलाईल रोडची आमची बीडीडी चाळीतली खोली रिडेव्हलपमेंटसाठी रिकामी करायचीये. १६० स्क्वेअर फुटात तीन पिढ्यांनी काय काय कोंबून ठेवलं होतं ते बघून डोकं गरगरलं. पोटमाळ्यावरून आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली, वर गोधड्या, खाली मिलचे कागद, जुनी रेशनकार्डं आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले फोटो, भरपूर. काही नेगेटिव्ह पण आहेत, लग्नाच्या अल्बममधल्या असतात तशा बारक्या पट्ट्या नाहीत, चांगल्या मोठ्या चौकोनी.

आजोबा नाहीत, बाबा पण नाहीत. ओळखणारी उरली एक आत्या, पंच्याऐंशीच्या पुढची, बोलायला ठणठणीत पण माहेरचे भाऊ आणि सासरचे दीर यांची अधूनमधून अदलाबदल करते. आणि एक काका, ज्यांना सगळंच माहीत असतं.

काकांपासूनच सुरू करते. एक चौकोनी फोटो आहे, पांढरी किनार, तीन जण मैदानाच्या कठड्याला टेकून उभे, मधले आजोबा. काका म्हणतात हा बेचाळीसचा, गवालिया टँकचा, आजोबा 'चले जाव'च्या सभेला गेले होते तेव्हाचा. हे आम्ही लहानपणापासून ऐकतोय, दर ९ ऑगस्टला फॅमिली ग्रुपवर हाच फोटो येतो आणि वीस जण हात जोडतात. पण परवा मी तो मोबाईलवर मोठा करून पाहिला तर तिघंही असे हसतायत जसे आत्ताच पिक्चर बघून बाहेर पडलेत, आणि उजव्या कोपऱ्यात अर्धी बस दिसते, तिच्या टपावर दोन काठ्यांसारखं काहीतरी आहे जे वर तारांपर्यंत गेलंय. ट्राम म्हणावी तर खाली टायर दिसतोय. हे काय वाहन आहे? यावरून साल काढता येईल का?

दुसरा फोटो मिलमधल्या लोकांचा, बारा-पंधरा पुरुष दोन रांगांत, आणि मधोमध खुर्चीवर एक बाई, नऊवारी, नथ, अंबाडा, एकदम ठसक्यात. आजी नाही हे नक्की. काकांना विचारलं तर त्यांनी विषय बदलला, त्यामुळे माझी उत्सुकता अजूनच वाढली. मागे स्टुडिओचा शिक्का अर्धवट, इंग्रजीत 'बॉम्बे १२' एवढंच वाचता येतं.

तिसरा पणजीचा, तसबिरीतला, तो आतून काचेलाच चिकटलाय. भाऊ म्हणतो गरम पाण्याची वाफ दे, सुटेल. मी त्याला ट्रंकेच्या आसपास फिरकू देत नाहीये. शिवाय एक अल्बम आहे चिकट पानांचा, वर प्लास्टिक असतं तो, त्यातले फोटो पिवळे पडलेत आणि निघत नाहीत. थोड्या फोटोंवर बुरशीचे ठिपके आहेत, पोटमाळ्याला पावसात ओल यायची.

आणि मुख्य म्हणजे हे सगळं नातेवाइकांना वाटायचंय, पण नुसते फोटो नकोत, त्यामागच्या गोष्टीसकट. नाहीतर पुढच्या पिढीला हे 'कोणीतरी तीन बाप्ये' एवढंच राहील. आत्याकडून त्या गोष्टी काढायच्या कशा? नुसतं 'हे कोण' विचारलं की ती वैतागते.

खडूस_कंडक्टर

ताई ती ट्रॉलीबस आहे! ट्रामला वीज वरच्या तारेतून मिळते आणि परत जाते खालच्या रुळांतून, म्हणून वर एक तार पुरते. ट्रॉलीबस धावते रबरी टायरवर, रूळच नाहीत, म्हणून वर दोन तारा आणि टपावर दोन दांडे. वळणावर दांडा तारेवरून निसटला की कंडक्टरने उतरून बांबूने परत चढवायचा, माझे वडील बेस्टमध्ये होते, त्यांच्याकडून हे किस्से पोटभर ऐकलेत.

आता मुद्दा. मुंबईत ट्रॉलीबस १९६२ ला सुरू झाली आणि १९७१ ला बंद पडली, आणि रूट होता गवालिया टँक ते माझगाव. म्हणजे काकांनी जागा बरोबर सांगितलीय, साल मात्र किमान वीस वर्षांनी हुकलंय. घोड्याची ट्राम १८७४ ची, विजेची १९०७ ची, शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली, एवढं डोक्यात ठेवलं तर रस्त्यावरच्या निम्म्या फोटोंचं साल तसंच निघतं. फोटोत रस्त्यावर रूळ आहेत का तेही बघा, पण रूळ दिसले म्हणून लगेच ट्राम चालू होती असं धरू नका, बंद झाल्यावर सगळीकडचे रूळ काही त्याच रात्री उखडले नव्हते.

आणिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे, तिथे एकदा जाऊन या. काकांना घेऊन जाऊ नका :)

नानबा

दर ९ ऑगस्टचे हात जोडलेले वीस जण आता काय करणार?

परळची_पोर

'बॉम्बे १२' म्हणजे परळ-लालबाग, आताचं ४०००१२. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यामुळे नुसता १२ असेल तर बहुतेक त्याच्या आधीचा, पण स्टुडिओवाले रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरायचे त्यामुळे दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा.

आणि ती मधली बाई. हसू नका, पण तिची मनगटं आणि पावलं नीट बघा. आमच्या गिरणगावात मिलमिलच्या नाटकमंडळ्या असायच्या, दामोदर हॉलला प्रयोग, कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, आणि बायका काम करायला मिळायच्या नाहीत किंवा परवडायच्या नाहीत तेव्हा खात्यातलाच कोणीतरी साडी नेसायचा. दिवसभर साच्यावर, म्हणजे मागावर, उभा आणि रात्री नायिका. प्रयोग झाला की मेकअप उतरवायच्या आत ग्रुप फोटो. मला तर हा तसलाच वाटतोय, पुरुषांच्या मधोमध खुर्ची सहसा हिरॉइनला किंवा साहेबाला.

आत्यांबद्दल सांगते, माझ्या आजीवर केलेला प्रयोग. 'हे कोण' विचारूच नका, ती परीक्षा वाटते. वस्तूबद्दल विचारा. ही खुर्ची कोणाची? हे लुगडं कुठून आणलं? तेव्हा पाणी किती वाजता यायचं? माणसं आपोआप येतात मागून. फोटो टॅबवर मोठा करून द्या, छोटे चेहरे त्यांना दिसतच नाहीत आणि दिसत नाही हे त्या सांगत नाहीत. फोन रेकॉर्डिंगला लावा, पण आधी विचारा. आणि बोलताना साल चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करू नका हो, माणूस गप्प होतो. आमच्याकडे भावाने हे केलं आणि आजीने त्या दिवशी परत तोंड उघडलं नाही.

फिल्मवाला

वाफ?? भावाला ट्रंकेपासून लांब ठेवलंत हे उत्तम केलंत. जुन्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, ओल आली की तो मऊ होऊन काचेला धरतो. ओढाल तर पणजीचा चेहरा काचेवर आणि कागद हातात. काचेसकट राहू द्या, काच बाहेरून पुसा आणि तशीच स्कॅनरवर उलटी ठेवा. चमक येत असेल तर खिडकीच्या उजेडात, लाईट बंद करून, कॅमेरा बरोबर समोर धरून फोटो काढा, फ्लॅश नको.

चिकट अल्बमसाठी दात साफ करायचा बिनवासाचा दोरा घ्या, फोटोच्या कोपऱ्याखालून सरकवा आणि करवतीसारखा हळूहळू पुढे न्या, फोटो अजिबात वाकवायचा नाही. नाही निघाला तर पान अख्खं स्कॅन करा, जीव काढू नका. बुरशीला ओलं फडकं लावू नका, आधी कोरड्या हवेत पूर्ण सुकू द्या, मग मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झटका. बाकीच्यांपासून वेगळे ठेवा. लॅमिनेशन करू नका, दुकानदार कितीही म्हणाला तरी.

तुमच्या त्या मोठ्या चौकोनी नेगेटिव्ह म्हणजे खरा माल आहे. १२० चा रोल म्हणजे रुंद फिल्मचा, एका रोलमध्ये सहा बाय सहा सेंटीमीटरचे बारा फोटो, अॅग्फा क्लिक थ्री वगैरे कॅमेऱ्याचे. त्यातून प्रिंटपेक्षा जास्त तपशील निघतो. घरी करून बघायचं तर टॅबवर पांढरी स्क्रीन लावा, नेगेटिव्ह स्क्रीनपासून थोडी वर उचलून धरा नाहीतर स्क्रीनचे ठिपके येतात, वरून फोटो काढून ॲपमध्ये काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं करा. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर त्या नेगेटिव्ह सडायला लागल्यात, त्या आधी स्कॅन करा, बाजूच्यांनाही लागण होते.

छोट्या प्रिंट ६०० डीपीआयला तरी करा आणि टिफमध्ये, म्हणजे न दाबलेल्या फाईलमध्ये, एक कॉपी ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकलात की दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, कडेला. बॉलपेनने लिहिलेलं पुढून उमटतं. रंगीत प्रिंटच्या गुळगुळीत पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे कागदाच्या पाकिटावर लिहा.

आणि कृपा करून ते चेहरे साफ करणारं एआय लावू नका. ते चेहरा साफ करत नाही, नवीन बनवतं. माझ्या मावशीने केलं, आता घरात तीच बाई आजी म्हणून लावलीय, आणि ती आमच्या घराण्यातली नाहीये.

मी (धागाकर्ती)

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, एवढं मिळेल वाटलं नव्हतं.

आत्याकडे जाऊन आले. परळची_पोरने सांगितलं तसं टॅबवर मोठं करून आधी त्या खुर्चीबद्दल विचारलं. म्हणाली खुर्ची हॉलची, लुगडं माझ्या आईचं, परत देताना पदराला रंग लागला होता म्हणून आई आठवडाभर दादांशी बोलली नव्हती. मी म्हटलं दादा म्हणजे? तर आत्या पदर तोंडाला लावून इतकी हसायला लागली की सून आतून धावत आली. ती 'बाई' म्हणजे माझे आजोबा! पुढे अर्धा तास नाटकाचेच किस्से, दाढी दोनदा करायचे, चाळीत पोरं नाटकातल्या नावाने हाक मारून पळायची, आणि थोरल्या लेकाला म्हणजे काकांना शाळेत त्यावरून चिडवायचे म्हणून आजोबांनी पुढे नाटक सोडलं. काका विषय का बदलतात ते आता कळलं. सगळं रेकॉर्ड केलंय, मागे कुकरच्या शिट्ट्यांसकट.

मैदानाच्या फोटोबद्दल म्हणाली बाजूचा चुलतभाऊ, त्याने नवीन कॅमेरा घेतला म्हणून रविवारी तिघं भटकायला गेले होते, चौथ्या मित्राने काढला. सभेला आजोबा गेले होते का, तर हो म्हणाली, ८ ऑगस्टच्या रात्री उशिरा घरी आले आणि पणजीने दार उघडायला वेळ लावला, हे तिने तिच्या आईकडून ऐकलंय. म्हणजे काकांची गोष्ट खोटी नाही, भलत्याच फोटोला चिकटलीय. आता कॅप्शनमध्ये दोन्ही लिहिणारे: फोटो ट्रॉलीबसच्या काळातला, सभेची आठवण वेगळी, आणि कोणी सांगितली त्याचं नाव. काकांना मी अजून काही बोललेले नाही. ऑगस्टला वेळ आहे. नाटकाचा फोटो मात्र त्यांना विचारल्याशिवाय ग्रुपवर टाकणार नाही.

नेगेटिव्हना वास नाहीये, हुश्श. पण टॅबवाला प्रकार माझ्याच्याने नीट होत नाहीये, हात हलतो. दादर ते लालबाग पट्ट्यात १२० च्या नेगेटिव्ह समोर बसून स्कॅन करून देणारं कोणी माहीत आहे का? कुरियरने पाठवायच्या नाहीत आणि दुकानात ठेवून यायची पण तयारी नाही. खोलीची चावी पुढच्या महिन्यात द्यायचीये, त्याच्या आत झालं तर बरं.