मदत हवी आहे: ओएई आली, पण बेराच्या आलेखात एकही वेव्ह नाही

नमस्कार मंडळी. माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. मुदतीआधी झाली, काही काळ अतिदक्षता विभागात होती, कावीळही बरीच चढली होती. आता कानांच्या तपासण्या झाल्या. ओएई, म्हणजे आवाज दिल्यावर आतल्या कानातून परत येणारा बारीक प्रतिध्वनी, दोन्ही कानांत आली. बेरामध्ये, म्हणजे डोक्याला तारा लावून आवाजाला नस आणि मेंदूकडून येणारी वीज टिपतात त्या तपासणीत, मात्र ९० डेसिबलच्या क्लिकलाही पाचवी वेव्ह (आलेखातला उंचवटा) नाही, तिसरी नाही, पहिलीसुद्धा नाही. आलेखाच्या सुरुवातीला दोन-तीन मिलिसेकंद बारीक नागमोडी रेघ आहे, तिच्याखाली पेनाने ‘सीएम’ लिहिलंय. पुढे सगळं सपाट.

दार आपटलं की ती कधी दचकते, कधी ढिम्म. कॉक्लिया (आतल्या कानातला शंख) काम करतंय आणि पुढे काहीच उमटत नाही, हे कसं? तिला ऐकूच येत नाही असं समजायचं का? डॉक्टरांना भेटण्याआधी मला हे नीट कळून घ्यायचंय.

प्रतिसाद १

ताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही, एवढ्यावरून तसं समजू नका.

बेरा ऐकणं मोजत नाही. क्लिक वाजल्यावर श्रवणनसेतले हजारो तंतू एकाच क्षणी पेटले, तर त्यांची वीज एकत्र होऊन डोक्याच्या कातडीपर्यंत पोचते. तीही एका मायक्रोव्होल्टपेक्षा कमी, म्हणून हजार-दोन हजार क्लिकची सरासरी काढावी लागते. पहिली वेव्ह कानाजवळच्या नसेतून येते, तिसरी मुख्यतः मेंदूच्या देठातल्या पहिल्या थांब्याच्या, कॉक्लियर न्यूक्लियसच्या आसपासची, आणि पाचवी त्याच देठात त्याहून वर, लॅटरल लेम्निस्कस हा तंतूंचा पट्टा जिथे इन्फिरिअर कॉलिक्युलस या वरच्या थांब्याला मिळतो तिथली. मोठ्या माणसात मोठ्या आवाजाला त्या साधारण दीड, पावणेचार आणि साडेपाच मिलिसेकंदांना दिसतात. बाळात पाचवी आणखी उशिरा येते, कारण नसांवरचं मायलिन, म्हणजे संदेश वेगाने नेणारं आवरण, अजून पुरतं तयार झालेलं नसतं.

कवायतीत सगळ्यांचं पाऊल एकदम पडलं तर ठोका ऐकू येतो. तेवढीच माणसं आपापल्या चालीने निघाली तर नुसती खसखस. माणसं तेवढीच असतात. तंतू मिलिसेकंदाच्या अंशानेही मागेपुढे झाले की सरासरीत वेव्ह पुसली जाते, आवाज थोडाफार वर पोचत असला तरी.

ओएई येते कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशींमधून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशींच्या बाहेरच्या रांगांमधून. ‘सीएम’ म्हणजे कॉक्लियर मायक्रोफोनिक, तोही केसपेशींचाच, नसेच्या अलीकडचा. दोन्ही आहेत आणि वेव्ह नाहीत, या चित्राला ऑडिटरी न्यूरोपथी म्हणतात. अर्नॉल्ड स्टार आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये त्याचं वर्णन केलं. मुदतीआधी जन्म आणि वाढलेली कावीळ ही त्याची ओळखीची पार्श्वभूमी आहे.

धागाकर्ती

खूप आभार. पण ती नागमोडी रेघ मशीनचीच गडबड नाही हे कशावरून?

प्रतिसाद २

हे जरूर विचारा. क्लिकची दिशा उलटी केली, म्हणजे कंडेन्सेशनच्या (हवा दाबणाऱ्या क्लिकच्या) जागी रेअरफॅक्शन (हवा विरळ करणारा क्लिक) दिलं, की सीएम आरशातल्यासारखा उलटतो. खऱ्या वेव्ह तशा उलटत नाहीत. आवाज कमी केल्यावर वेव्ह उशिरा येतात, सीएम जागचा हलत नाही. मात्र यंत्राची वीजही उलटते, म्हणून इअरफोनची नळी चिमटा लावून बंद करून पुन्हा नोंद घेतात. आवाज कानात गेला नाही आणि रेघ गेली, तर ती कानाचीच होती. नळी बंद असूनही राहिली, तर इअरफोनची. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही दिशांचे वेगळे आलेख आहेत का बघा. दोन्ही दिशांचे क्लिक आलटूनपालटून देऊन काढलेला एकच आलेख असेल तर दोन उलट रेघा एकमेकींना खोडतात, त्यात सीएम दिसायलाच नको.

प्रतिसाद १

अगदी बरोबर. ताई, अजून दोन गोष्टी. अशा मुलांचा ऐकण्याचा उंबरठा बेरावरून ठरत नाही, त्यामुळे कानाच्या मशीनचा (श्रवणयंत्राचा) आवाज या आलेखावरून ठरवून घेऊ नका. मुदतीवर जन्मली असती तर जे वय झालं असतं ते धरून सहा महिन्यांच्या आसपास, आवाजाकडे मान वळवते का हे बघणारी तपासणी करता येते. नस नीट आहे ना हे पाहायला एमआरआय सांगतील. आणि बेरा काही महिन्यांनी पुन्हा कराच. कावीळ झालेल्या आणि मुदतीआधीच्या काही बाळांमध्ये पहिल्या दीड वर्षात वेव्ह उमटायला लागतात. तोवर जवळ घेऊन, तोंडासमोर बोलत राहा, तिला तुमचे ओठ दिसू देत.