मदत हवी आहे: 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' चा हरवलेला तिसरा भाग (के०३) या कॅसेटवर असू शकेल का?

धागाकर्ता: रिळवाला

'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' ही अमेरिकन विनोदी मालिका, तिच्यात एक माणूस आणि बाहुल्यांचे रोबो जुने चित्रपट बघत त्यांची टवाळी करतात. अमेरिकेतल्या मिनिॲपोलिसच्या एका घरातलं सामान विकायला निघालं होतं, त्यातून एक व्हीएचएस कॅसेट हाती आली आहे. टी-१२०, अमेरिकन. चिठ्ठीवर पेनाने लिहिलंय: '२३, फ्युजिटिव्ह एलियन, ६ तास'. तारीख नाही. खिडकीतून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीच्या कडेला पांढरट ठिपके दिसतात.

ही मालिका सुरुवातीला दाखवणारं केटीएमए म्हणजे तिथलं चॅनल २३, हे माहीत आहे. मालिकेचे पहिले दोन भाग २०१६ मध्ये मूळ टेपवरून बाहेर आले, पण तिसरा त्यांत नव्हता, हेही माहीत आहे. ही कॅसेट तिसऱ्या भागाची आहे का, हे न बिघडवता कसं तपासायचं? नातेवाईक पुढच्या महिन्यात पुण्याला जाताहेत, तिथे चालू स्थितीतला व्हीसीआर आहे. तिकडे पाठवावी का?

सुटीवाहिनी

आधी एकच काम करा. ती कॅसेट कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. पांढरे ठिपके म्हणजे बहुधा बुरशी. ती मशीनच्या हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) आणि रोलरवर बसते, मग चित्र जातं आणि त्या मशीनमध्ये पुढे घातलेली प्रत्येक कॅसेटही बिघडते.

आता ओळखीबद्दल. मालिका २४ नोव्हेंबर १९८८ ला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सुरू झाली आणि त्याच दिवशी दोन भाग दाखवले. तिसरा रविवारी, २७ नोव्हेंबरला. त्यातला चित्रपट 'स्टार फोर्स: फ्युजिटिव्ह एलियन २'. इथेच तुमच्या चिठ्ठीवर घोळ होऊ शकतो. 'फ्युजिटिव्ह एलियन' हा पहिला चित्रपट केटीएमएनेच ४ फेब्रुवारी १९८९ ला दाखवला, तो बारावा भाग (के१२). त्याच्या घरगुती रेकॉर्डिंगच्या प्रती चाहत्यांकडे आहेत. दोन्ही चित्रपट त्सुबुरायाच्या १९७८ च्या एकाच जपानी मालिकेचे भाग जोडून बनवलेले, त्यामुळे केन, कॅप्टन जो, रॉकी ही मंडळी दोन्हीकडे दिसतील. चेहरे पाहून ठरवू नका, शीर्षकाची पाटी बघा.

तिसरी शक्यता १९९१ ची. केबलवर आल्यावर तिसऱ्या हंगामात त्यांनी हे दोन्ही चित्रपट पुन्हा केले (भाग ३१० आणि ३१८). पडद्यावर फ्रँक (खलनायकाचा मदतनीस) दिसला तर केटीएमए बादच धरा. तो केबलच्या दुसऱ्या हंगामात आला. टॉम सर्व्हो या रोबोचा आवाजही तपासा: केटीएमए आणि केबलचा पहिला हंगाम जॉश वाइनस्टाइन, त्यानंतर केव्हिन मर्फी. आणि खाली प्रेक्षागृहात बसलेल्या माणसाच्या आणि रोबोंच्या सावल्याच नसतील, तर तो नुसता चित्रपट आहे, कुठल्याही चॅनलवरून उतरवलेला.

मला स्वतःला सर्वांत खात्रीचा पुरावा जाहिरातींचा वाटतो. चॅनल २३ ची ओळखपट्टी आणि मिनिॲपोलिस-सेंट पॉलमधल्या दुकानांच्या जाहिराती केबलच्या भागात येणार नाहीत. त्यांच्यावरून तारीखही काढता येते: थँक्सगिव्हिंगनंतरच्या विकेंडचा सेल आणि फेब्रुवारीतला सेल सारखा नसतो.

फीतवैद्य

बुरशीबद्दल नीट सांगतो, कारण खरी मेहनत इथेच आहे.

एन९५ मास्क आणि हातमोजे घालून, स्वयंपाकघर व बाकीच्या कॅसेटींपासून लांब बसा. बुरशी ओलसर आणि चिकट असेल तर आधी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवून पूर्ण सुकू द्या. ओली पुसली तर ती फितीवर माखली जाते. सुकून भुकटी झाली की काम सोपं. उन्हात किंवा हीटरवर सुकवू नका, आणि ओव्हनमध्ये तर अजिबात नाही. ती युक्ती काही चिकट झालेल्या ध्वनिफितींसाठी असते, इथे तिचा उपयोग नाही.

कॅसेट उलटी करा. पाच स्क्रू काढा. मग कॅसेट सरळ करून वरचं झाकण उचला, नाहीतर आतल्या स्प्रिंगा उडतात. फीत कुठल्या रोलरवरून कशी जाते याचा फोटो घ्या. गुंडाळीच्या कडा मऊ ब्रशने, हेपा फिल्टर असलेल्या व्हॅक्यूमच्या तोंडाजवळ धरून झाडा. चकत्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग दोन्ही रिळं एखाद्या स्वच्छ, रिकाम्या केलेल्या कॅसेटच्या खोक्यात बसवा. जुन्या खोक्यातले फेल्ट आणि रोलर बुरशीनेच भरलेले असतात, तो टाकून द्या.

फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न ओढता गुंडाळायला टाकाऊ व्हीसीआर किंवा वेगळा रिवाइंडर वापरा, तोही मऊ बिनधाग्याच्या कापडातून फीत सरकेल असा. चांगलं मशीन त्यानंतर. शेवटी कॅसेटच्या कण्यावरची रेकॉर्डची टिकली (ती तोडली की चुकून वर रेकॉर्ड होत नाही) तोडलेली आहे ना, पाहा. नसेल तर आधी तोडा.

हेड साफ करताना चामड्याचा तुकडा किंवा जाड कागद अल्कोहोलने ओला करून स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. वरखाली घासलं की हेडचं टोक तुटतं. कापसाची काडी नकोच, धागे अडकतात.

दख्खनराणी

पुण्याला पाठवू नका. विमानतळाच्या क्ष-किरणांनी व्हीएचएस पुसली जात नाही, ती भीती नाही. अडचण मशीनची आहे. आपल्याकडचे बहुतेक जुने व्हीसीआर पाल या टीव्ही पद्धतीचे, आणि ही अमेरिकन कॅसेट एनटीएससी पद्धतीची. ज्यांच्यावर 'एनटीएससी चालते' असं लिहिलेलं असतं, ते साधारणपणे पाल-६० नावाचा मिश्र सिग्नल बाहेर देतात: ६० हर्ट्झचं चित्र, पण रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर. टीव्हीवर छान दिसतं, कॅप्चर कार्डावर (चित्र संगणकात उतरवणाऱ्या) मात्र काळंपांढरं किंवा वर सरकणारं चित्र येतं. शिवाय 'सहा तास' म्हणजे ईपी, फीत सर्वांत हळू सरकवणारा वेग, आणि कित्येक पाल मशीनवर तो वेगच नसतो.

कॅसेट अमेरिकेत, तिथलाच एनटीएससी व्हीसीआर गाठा.

रिळवाला

सगळ्यांचे आभार. टिकली शाबूत होती, तोडली. ठिपके कोरडे आहेत, बोटाला भुकटी लागते. रेकॉर्डिंग ईपी असेल तर कॅप्चरसाठी काही वेगळं करायचं का? यूएसबीचं स्वस्त डोंगल चालेल?

फीतवैद्य

डोंगल पहिल्या झलकेपुरतं चालेल, जतनाला नाही. जुन्या टेपचा सिग्नल डळमळीत असतो. असलं डोंगल फ्रेम टाकून देतं आणि दोन तासांत आवाज चित्राच्या पुढे-मागे सरकतो. व्हीसीआर आणि कार्डाच्या मधे टाइम बेस करेक्टर (डळमळीत सिग्नल स्थिर करणारं यंत्र) हवाच. व्हीसीआरमध्येच तो असेल तर उत्तम. नसेल तर पॅनासोनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ डीव्हीडी रेकॉर्डर मधे जोडून त्यातून सिग्नल पुढे न्या, रेकॉर्ड करायची गरज नाही.

७२०×४८०, २९.९७ फ्रेम, इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं) तसंच ठेवून, हफवाययूव्हीमध्ये (दर्जा न घटवता व्हिडिओ साठवायची पद्धत) पकडा. तासाला अंदाजे ३५-४० जीबी धरा. सहा तासांसाठी अर्धा टीबी मोकळा ठेवा आणि डिस्क एफएटी३२ या जुन्या रचनेची नको, तिथे फाइल ४ जीबीला तुटते. पकडताना टाकलेल्या फ्रेमचा आकडा बघत राहा, तो शून्याजवळ राहिला पाहिजे.

ईपीसाठी ट्रॅकिंग हाताने लावा. ज्या मशीनवर रेकॉर्ड झालं त्याचं संरेखन वेगळं असतं, त्यामुळे महागडं मशीन अडखळतं आणि साधं चार हेडचं मशीन तीच टेप नीट वाचतं. दोन-तीन मशीन करून बघा.

सुटीवाहिनी

आवाजाचं मी सांगते, कारण या मालिकेत चित्राइतकाच, किंबहुना जास्त, आवाज महत्त्वाचा. केटीएमएच्या काळातली टवाळी बरीचशी जागेवर सुचलेली, पडद्यामागून पुटपुटलेली. ईपीत फीत सेकंदाला ११ मिलिमीटरच सरकते, त्यामुळे साध्या ध्वनिमार्गावरचा आवाज मुळातच बोथट. व्हीसीआरचा ऑडिओ 'नॉर्मल' वर ठेवून एक पूर्ण पास घ्या. टेपवर हाय-फाय (वेगळ्या मार्गावरचा, चांगल्या दर्जाचा) आवाज असेल तर त्याचा वेगळा पास. पकडताना खरखर कमी करणारा कुठलाही फिल्टर नको. तो हळू बोललेली वाक्यं खाऊन टाकतो. साफसफाई नंतर, प्रतीवर.

फोनचे निरोपही लक्ष देऊन ऐका. तेव्हा प्रेक्षकांसाठी आन्सरिंग मशीन ठेवलं होतं आणि ते निरोप कार्यक्रमात वाजवायचे. त्यात कुठल्या भागाचा उल्लेख येतो, यावरून मागचा-पुढचा क्रम लागतो.

जाहिराती कापू नका. भाग खरा आहे हे सिद्ध करायला त्याच लागतील.

दख्खनराणी

एक राहिलं. व्हीसीआरच्या मेनूतला निळा पडदा बंद करा. सिग्नल कमजोर झाला की मशीन निळं दाखवतं आणि टेप संपली असं वाटतं, पण खाली चित्र असू शकतं. सहा तासांच्या कॅसेटवर लोक पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करायचे. वरचं रेकॉर्डिंग १९९० चं निघालं, तरी त्याच्या शेवटानंतर जुन्या रेकॉर्डिंगचं शेपूट शिल्लक असतं. म्हणून फीत टोकाला लागेपर्यंत पूर्ण पकडा, मुंग्या दिसल्या तरी.