आशाताई आल्या तर दार उघडा

बी-३०१ काका: आमचा नंबर हेल्थवाल्यांना कोणी दिलाय? सकाळपास्नं दोनदा फोन, वर त्या आशाताई गच्चीची चावी मागायलेत. ताप ए विंगमधल्या पोराला आलाय, आमच्याकडं काय काम?

ए-१०२ वहिनी: काका, माझ्याच पोराला डेंग्यू झालाय हो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लॅबनं सरकारला कळवायलाच पाहिजे, मग आजूबाजूची सगळी घरं बघतात कारण तो डास लांब जात नाही, आता याला चावला तर आठ-दहा दिवसांनी तोच दुसऱ्या कुणाला तरी देणार, म्हणून याला दिवसापण मच्छरदाणीत ठेवलंय, रडायलाय बिचारा

बी-३०१ काका: मग फॉगिंग करा म्हणावं की

सी-२०४ अक्का: काका, मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे म्हणून सांगते. धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही, आठवड्या-दीड आठवड्यात परत तेवढेच. आपल्याकडं नळ रोज येत नाही म्हणून बॅरल, हंडे भरून ठेवायलाच लागतात, त्यात कुणाची चूक नाही, पण झाकण घट्ट पाहिजे. आणि नुसतं पालथं करून भागत नाही, आतनं घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की अळ्या.

बी-१०३ मावशी: काल त्या ताईंनी माझ्या फ्रीजच्या मागचा ट्रे ओढला, बॅटरी मारली तर दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या वळवळत तळाला गेल्या. अंगावर काटा आला. तिथं ट्रे असतोय हेच मला माहीत नव्हतं

सेक्रेटरी: २०२४ ला कर्नाटक सरकारनं डेंग्यू साथरोग जाहीर केलाय, शहरात घरात अळ्या सापडल्या तर ४०० रुपये दंड, चालू बांधकामाला २०००. मागच्या साइटवर लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साठलंय, आजच जाऊन सांगतो

सी-२०४ अक्का: दंडाचं राहू दे दादा. आशाताई कन्नडमध्ये विचारतात म्हणून काहीजण दार लावून घेतात ते मला फार लागलं. कळलं नाही तर मला फोन लावा, मी बोलते. आणि ताप आला तर पॅरासिटामॉल तेवढं, ब्रुफेन डिस्प्रिन नको. ताप उतरल्यावर पोट दुखलं, सारखी उलटी झाली तर थांबू नका, लगेच ॲडमिट.

बी-३०१ काका: पोरगं कसं आहे आता?

ए-१०२ वहिनी: पेज पिलाय थोडी

बी-३०१ काका: चावी माझ्याकडंच आहे. उद्या कितीला येणार त्या?

सी-२०४ अक्का: दहाला