विषय: कानोचा करार, उत्तेजकांची शिक्षा आणि वाचलेला पैसा

पहिले पत्र, क्वीन्सहून

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

यंदाच्या बेसबॉल सहलीचे पत्रक वाचल्यावर मी कपाटातून माझी जुनी स्कोअरवही काढली. २३ जुलै २०१९ रोजी आपण काहीजण सात नंबरच्या गाडीने न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या सिटी फील्ड मैदानावर गेलो होतो. सॅन डिएगोविरुद्धचा तो सामना मेट्सनी ५-२ असा जिंकला आणि त्यात रॉबिन्सन कानोने एकट्याने तीन होमरन मारले, म्हणजे तीनदा चेंडू थेट कुंपणाबाहेर टोलवला. होमरन झाला की त्या खेळाडूच्या चौकोनातला हिरा, म्हणजे मैदानाची छोटी आकृती, पेन्सिलने काळा करायचा, ही माझी पद्धत आहे. त्या पानावरचे पहिले दोन हिरे मी नेटके भरले आहेत. तिसऱ्याच्या वेळी नातवाने माझ्या हातातून पेन्सिल ओढून घेतली, म्हणून तिथले शिसे रेघेबाहेर पसरले आहे आणि कागदाच्या मागच्या बाजूला फुगवटा आला आहे. ते पान पाहून मला आता आनंद होत नाही.

ज्यांना या प्रकरणाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिसेंबर २०१३ मध्ये सिॲटलच्या संघाने कानोशी १० वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. मे २०१८ मध्ये फ्युरोसेमाइड या औषधामुळे त्याला ८० सामन्यांसाठी निलंबित करण्यात आले. हे लघवी वाढवणारे औषध आहे आणि दुसरे उत्तेजक लपवण्यासाठी त्याचा उपयोग होतो म्हणून त्यावर बंदी आहे. २००३ च्या विश्वचषकातून शेन वॉर्नला घरी परतावे लागले, ते याच जातीच्या गोळीमुळे. हे सगळे जगजाहीर असताना डिसेंबर २०१८ मध्ये मेट्सनी कानोला सिॲटलकडून घेतले. कराराची ५ वर्षे आणि सुमारे १२ कोटी डॉलर तेव्हा शिल्लक होते, त्यांतले २ कोटी सिॲटलने उचलले, आणि मेट्सच्या ज्या व्यवस्थापकाने हा व्यवहार केला तो, ब्रॉडी व्हॅन वॅगनेन, त्याआधी कानोचाच एजंट होता. नोव्हेंबर २०२० मध्ये कानो पुन्हा सापडला, आणि या वेळी स्टॅनोझोलॉल होते, म्हणजे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये धावपटू बेन जॉन्सनचे सुवर्णपदक ज्याने घालवले तेच द्रव्य. २०२१ चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसावे लागले. मे २०२२ मध्ये मेट्सनी त्याला मुक्त केले तेव्हा कराराचे सुमारे साडेचार कोटी डॉलर देणे बाकी होते.

माझे म्हणणे असे आहे की दुसऱ्यांदा उत्तेजक सापडले त्याच दिवशी तो करार रद्द व्हायला हवा होता. एखाद्या कारकुनाने दोनदा खोटी बिले लावली तर त्याला पुढच्या दोन वर्षांचा पगार कोणी देईल काय? आपल्या तिकिटाच्या पैशातून हा करार चालतो, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे असे मी मानतो.

आपला,
क्वीन्सचा जुना सभासद

दुसरे पत्र, एडिसनहून

क्वीन्सच्या काकांना आणि सर्वांना नमस्कार.

काका, आपल्या पत्रातली व्यथा खरी आहे, परंतु त्यात दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय न्याय कोणाकडे मागायचा हे ठरत नाही. मी तीस वर्षे नोकरीत करारांची छाननी केली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

पहिली तक्रार करार महागात पडल्याची आहे. त्यासाठी उत्तेजकांची गरजच नसते. बाल्टिमोरने जानेवारी २०१६ मध्ये ख्रिस डेव्हिसला ७ वर्षांसाठी १६ कोटी १० लाख डॉलर दिले. त्याआधी २०१४ मध्ये परवानगीशिवाय ॲडरॉल हे लक्ष टिकवण्याचे औषध घेतल्याबद्दल त्याचे २५ सामन्यांचे निलंबन झालेले होते, ते डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी सही केली. २०१८ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .१६८ इतकी, म्हणजे शंभर वेळांत सतरा फटक्यांच्याही, खाली आली आणि त्या हंगामाच्या शेवटापासून पुढच्या एप्रिलपर्यंत सलग ५४ वेळा तो फटक्याविना परतला. त्यात कोणतीही फसवणूक नव्हती. माणसाचा हात चालेनासा झाला, आणि तो चालेल असा अंदाज ज्यांनी बांधला तो चुकला. कानोच्या बाबतीतही ३६ व्या वर्षी कोण किती खेळेल हे मेट्सना कळायला हवे होते, आणि त्याचे पहिले निलंबन तर त्यांना ठाऊकच होते.

आता करार न मोडण्याच्या नियमाबद्दल. तो मालकांनी उदारपणे दिलेला नाही. १९७५ पर्यंत खेळाडू आयुष्यभर एकाच क्लबशी बांधलेला असे; त्या वर्षी डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने ती बेडी तोडली, आणि मालकांनी साइट्झना लगेच पदावरून दूर केले. आजही खेळाडूला मोकळेपणी बाजारात उतरण्यापूर्वी सहा वर्षांची सेवा पूर्ण करावी लागते. म्हणजे अंगात सर्वांत जास्त जोर असतो ती वर्षे तो बाजारभावापेक्षा कमी पैशात काढतो आणि पस्तिशीनंतरच्या मोठ्या रकमेत त्या वर्षांची भरपाई होते. तो पैसा केवळ त्या हंगामाच्या धावांचा मोबदला समजून चालणार नाही.

आणि उत्तेजक सापडले की करार रद्द, असा नियम झाला तर काय होईल याचा विचार करा. फसलेला करार गळ्यात पडलेला प्रत्येक मालक आपल्याच खेळाडूचा नमुना दोषी ठरण्याची वाट पाहील. म्हणूनच खेळाडूंची संघटना आणि लीग यांच्या संयुक्त नियमात शिक्षेचा अधिकार क्लबला दिलेला नाही. नमुन्याची शिस्त किती नाजूक असते हे खेळाडू रायन ब्राउनच्या प्रकरणात दिसले. ऑक्टोबर २०११ मध्ये शनिवारी घेतलेला त्याचा नमुना तत्काळ रवाना न होता सोमवारपर्यंत गोळा करणाऱ्याच्या घरी राहिला, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये श्याम दास या लवादांनी निलंबन रद्द केले. दास यांनाही त्याच वर्षी मे महिन्यात काढण्यात आले. ब्राउन निर्दोष नव्हता, हे २०१३ मध्ये त्याने ६५ सामन्यांची शिक्षा मान्य केली तेव्हा स्पष्ट झाले. तरीही दास यांचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, कारण त्यांच्यापुढे प्रश्न नमुना नियमाप्रमाणे हाताळला गेला की नाही एवढाच होता.

मी स्वतः न्यूयॉर्कच्या दुसऱ्या संघाची, यँकीजची, आहे आणि त्यांच्या ॲलेक्स रॉड्रिग्जचा २७ कोटी ५० लाखांचा करार मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. २०१४ चा संपूर्ण हंगाम तो उत्तेजकांमुळे निलंबित होता आणि त्याचे दोन कोटींहून अधिक डॉलर बुडाले. ते यँकीजच्या तिजोरीत राहिले. मे २०१५ मध्ये त्याने ६६० वा होमरन मारून विली मेज या जुन्या दिग्गजाशी बरोबरी केली, तेव्हा करारातले ६० लाखांचे बक्षीस देण्यास क्लबने नकार दिला, आणि जुलैमध्ये तडजोड होऊन त्यातले ३५ लाख धर्मादाय संस्थांना गेले. त्या सगळ्या कज्ज्यात मला पटलेला निर्णय तेवढाच.

आपली,
एडिसनची ताई

तिसरे पत्र, जर्सी सिटीहून

काका आणि ताई, सादर नमस्कार.

माझे बालपण इथेच गेले आणि शाळेच्या संघात मी चार वर्षे पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होतो, म्हणून हा विषय मला जवळचा आहे. आपल्या दोघांच्या पत्रांत मालक आहे, नामांकित खेळाडू आहे आणि तिकीट काढणारा प्रेक्षक आहे. ज्याची जागा गेली तो खेळाडू मात्र कुठेच नाही.

डॅन नॉल्टी नावाचा एक पिचर होता. १९९६ मध्ये तो मिनेसोटाकडून मोठ्या लीगमध्ये आला आणि १९९९ मध्ये यँकीजच्या विजेत्या संघात होता. स्टिरॉइड घेऊन आपण चेंडूचा वेग वाढवला, हे त्याने पुढे स्वतः कबूल केले, आणि मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीच्या संघांत, आपल्या बरोबरीने खेळणाऱ्या, काहीही न घेणाऱ्या पिचरांच्या वाट्याची जागा आपण घेतली याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. ते पिचर वर कधीच पोहोचले नाहीत. मायनर लीगमधल्या खेळाडूंना संघटना मिळाली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि २०२३ च्या पहिल्या करारात सर्वांत वरच्या पायरीचा वर्षाचा पगार ३५,८०० डॉलर ठरला. त्यापूर्वी पुष्कळजण गरिबीतच खेळत. एका बसमधून प्रवास करणाऱ्या चौघांपैकी जो सुई टोचून घेतो त्याला लाखो डॉलर मिळतात, आणि उरलेले तिशी गाठण्याआधी दुसरे काम शोधायला लागतात. कराराच्या शेवटच्या दोन वर्षांचे पैसे द्यायचे की नाही, हा वाद या अन्यायाच्या पासंगालाही पुरत नाही.

ताई, संघटनेबद्दल आपण लिहिले ते मला मान्य आहे, पण संघटनेतल्या साध्या सभासदांचाही राग तेव्हा उफाळून आला होता. जॉनी पेराल्टाला २०१३ मध्ये बायोजेनेसिस या उत्तेजके पुरवणाऱ्या दवाखान्याच्या प्रकरणात ५० सामन्यांची शिक्षा झाली, आणि त्याच नोव्हेंबरात सेंट लुइसने त्याच्याशी ४ वर्षांचा ५ कोटी ३० लाखांचा करार केला. फसवणूक फायद्याची ठरते, असे ब्रॅड झिग्लरसारख्या रिलीफ (बदली येणाऱ्या) पिचरने उघडपणे लिहिले. पुढच्या वर्षी मार्चमध्ये शिक्षा वाढली ती खेळाडूंच्याच दबावामुळे: पहिल्यांदा ८० सामने, दुसऱ्यांदा १६२, म्हणजे पूर्ण हंगाम, तिसऱ्यांदा पूर्वीप्रमाणेच कायमची बंदी, आणि शिवाय त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या विजेतेपदाच्या फेऱ्यांत, खेळण्यास मनाई. फेब्रुवारी २०१६ मध्ये कायमच्या बंदीचा पहिला मानकरी आपल्या मेट्सचाच पिचर हेन्री मेहिया ठरला. २०१८ मध्ये त्याला परत येण्याची परवानगी मिळाली, तो भाग वेगळा.

चूक आणि लबाडी यांतला फरक मलाही कळतो. पृथ्वी शॉच्या नमुन्यात २०१९ मध्ये टर्ब्युटालिन सापडले, खोकल्याच्या औषधातून ते गेले हा खुलासा क्रिकेट मंडळाने मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी मागील तारखेपासून मोजली. विरारच्या एकोणीस वर्षांच्या मुलाबद्दल माझ्या मनात तेव्हा कणव होती. सॅन डिएगोचा फर्नांडो टाटिस ज्युनियर ऑगस्ट २०२२ मध्ये क्लॉस्टेबोल या स्टिरॉइडमुळे सापडला आणि नायट्यावरच्या औषधाचे कारण सांगू लागला, तेव्हा मात्र मी त्याच्यावर चिडलो. त्याचा १४ वर्षांचा, ३४ कोटींचा करार होता आणि दिमतीला डॉक्टरांचे पथक होते. साधे मलम लावण्यापूर्वी त्याने विचारायला हवे होते. दोघांना एकच माप लावणे मला जमलेले नाही, हे कबूल करतो.

काका, आपल्या पानाबद्दल एक सांगतो. कानोचा दोषी नमुना २०२० चा होता. २०१९ च्या त्या रात्री त्याने काही घेतले होते, असे कोणीही सिद्ध केलेले नाही.

आपला,
जर्सी सिटीचा धाकटा सभासद

चौथे पत्र, क्वीन्सहून

चि. जर्सी सिटीकर आणि एडिसनच्या ताई यांस सप्रेम नमस्कार.

दोन्ही पत्रे मी छापून घेतली आणि दोनदा वाचली. करार रद्द करावा हे माझे म्हणणे मी मागे घेतो. मालकाच्या हाती असे हत्यार दिल्यास तो ते कोणावर चालवील हे ताईंनी दाखवून दिले, आणि मेट्सच्या ज्या व्यवस्थापकाने डोळे उघडे ठेवून तो करार अंगावर घेतला, त्याचा दोष मी कानोवर घालत होतो, हेही मला पटले.

पण त्यातूनच मला एक गोष्ट लख्ख दिसली. २०२१ मध्ये कानोचे २ कोटी ४० लाख डॉलर बुडाले आणि त्यांतला मोठा हिस्सा मेट्सचा वाचला. निलंबनाची बातमी नोव्हेंबरात आली आणि जानेवारीत त्यांनी क्लीव्हलँडहून फ्रान्सिस्को लिंडोरला आणले. आम्ही मेट्सवाले त्या थंडीत काय बोलत होतो ते मला चांगले आठवते. एक खेळाडू फसवणुकीत सापडला, आणि बरे झाले, वर्षभराचा पगार सुटला, असे आम्ही एकमेकांना फोनवर सांगत होतो. मीही तेच म्हणालो होतो. ज्या क्लबने शेरा असलेला खेळाडू जाणूनबुजून घेतला, त्याच क्लबला त्याच्या दुसऱ्या गुन्ह्याने आराम मिळाला आणि मी त्यावर खूश झालो, याची मला आता खंत वाटते.

म्हणून माझी मागणी आता अशी आहे. निलंबित खेळाडूचा बुडालेला पगार क्लबकडे राहता कामा नये. रॉड्रिग्जच्या बक्षिसातले ३५ लाख धर्मादाय संस्थांना जाऊ शकतात, तर कानोचे २ कोटी ४० लाख मायनर लीगच्या खेळाडूंच्या निधीत जायला काहीच हरकत नव्हती. ३५,८०० च्या हिशेबाने ती रक्कम साडेसहाशेहून अधिक खेळाडूंच्या वर्षभराच्या पगाराएवढी होते. मी हे कागदावर मांडून पाहिले. असा नियम असता तर उत्तेजक सापडल्यावर मालकाचा एक पैसा वाचला नसता, आणि पहिले निलंबन झालेला खेळाडू घेताना त्याने दहा वेळा विचार केला असता. चिरंजीव ज्या चौघांबद्दल लिहितात त्यांतल्या मागे राहिलेल्या तिघांपर्यंत काही तरी पोहोचले असते. ताईंनी करारांचे काम केले आहे, म्हणून त्यांना विचारतो: खेळाडू संघटना अशा कलमाला मान्यता देईल, की बुडालेला पगार कोणाच्या हाती जातो यात आपल्याला रस नाही असे म्हणेल?

पान मी फाडलेले नाही. काल नातू आला होता. आता त्याला मिसरूड फुटली आहे आणि कानोचे सगळे त्याला ठाऊक आहे. त्याने तिसऱ्या हिऱ्यावरून बोट फिरवले आणि त्या दिवशी उंच वर गेलेला चेंडू कुंपणापलीकडे कुठे पडला ते मला विचारले. मला आठवेना. सहलीसाठी आमची दोन तिकिटे धरावीत. वही मी आणीन.

आपला,
क्वीन्सचा जुना सभासद