डेंग्यूची साथ : ग्राफीनची चिप की काळी रेघ?

लश्करकर : पाऊस सरला की ग्वाल्हेरला डेंग्यू ठरलेला. विषाणू मारायला मास्कला ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अणूइतका पातळ थर, फासा म्हणतात; त्यापेक्षा निदानासाठी ग्राफीनची चिप वस्तीत न्या. थरावर पायरीनच्या (ग्राफीनला चिकटणाऱ्या रेणूच्या) दुव्याने अँटिबॉडी बसवायची. तिने विषाणूचं प्रथिन धरलं की थरातला प्रवाह बदलतो. २०२० मध्ये कोरियातल्या गटाने कोरोनाचं स्पाइक प्रथिन असंच पकडलं, मिलिलिटरला १ फेम्टोग्रॅमपर्यंत (ग्रॅमचा हजार-अब्जांशाचा हजारावा भाग).

खारंपाणी : ते बफरमध्ये, म्हणजे स्वच्छ क्षारद्रावणात, साहेब! स्वॅबच्या द्रवात त्यांचाच आकडा १०० वर गेला. रक्ताइतक्या खारट द्रवात विद्युतभाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटर पोचतो आणि अँटिबॉडी १० नॅनोमीटर उंच. तिच्या टोकावर काय बसलंय ते ग्राफीनला कळणार कसं? वर रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन सगळीकडे आधीच चिकटलेलं.

लश्करकर : म्हणून सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) चिपवर सोडा, थांबा, तीनदा धुवा आणि मोजणी १०० पट पातळ बफरमध्ये करा, पोच ७ नॅनोमीटर होते. अख्ख्या अँटिबॉडीऐवजी तिचा तुकडा लावलात तर आणखी बरं. शेजारी अँटिबॉडी नसलेली चिप हवीच, नाहीतर प्रवाह आपोआप सरकला तरी 'पॉझिटिव्ह' वाटतं.

खारंपाणी : आणि ही धुणी आशाताईंनी करायची? कार्बनच हवा तर डेंग्यूच्या विषाणूचं एनएस१ प्रथिन ओळखणाऱ्या चाचणीपट्टीत सोन्याच्या लाल दिसणाऱ्या कणांच्या जागी काजळीचे कण घाला. पांढऱ्या पट्टीवर काळी रेघ लालपेक्षा ठसठशीत उठते, यंत्र लागत नाही. गोम एवढीच की कणांच्या गुठळ्या झाल्या तर ते पॅडातच अडकतात आणि कंट्रोलची रेघसुद्धा (पट्टी चालली हे दाखवणारी) फिकी येते. ध्वनिलहरींनी नीट फोडा, मग बीएसएचा (गाईच्या अल्ब्युमिनचा) लेप द्या.

चाळणी : मास्कचा विषय निघालाच आहे म्हणून. कॅनडाने एप्रिल २०२१ मध्ये ग्राफीनचे मास्क वापरू नका म्हटलं, जुलैत तपासून चार मॉडेलं परत येऊ दिली. 'ग्राफीनने विषाणू मरतो' या दाव्यात आधी ग्राफीन धुतलेलं पाणी तपासा. हमर्स पद्धतीने (तीव्र आम्ल नि परमँगनेट वापरून) केलेल्या ग्राफीन ऑक्साइडमध्ये आम्ल नि मँगनीज उरलं तर विषाणू त्यानेच मरतो, श्रेय मात्र ग्राफीनला! पेशी जगल्या का हे एमटीटीने, म्हणजे जिवंत पेशींत जांभळ्या होणाऱ्या रंगाने, बघू नका. ग्राफीन स्वतःच तो रंग जांभळा करतं. आणि प्रयोगात सीरमसारखी प्रथिनं नसतील तर निकाल प्रथिनं असलेल्या लाळेला लागू नाही.

लश्करकर : बरं, वस्तीत पट्टी, चिप प्रयोगशाळेत, एवढं मान्य. पण एनएस१ पहिल्या पाचेक दिवसांतच भरवशाचं, पुढे आयजीएमच (शरीराने बनवलेली अँटिबॉडी) तपासावी लागते. तिथे काळी रेघ काय करणार?

खारंपाणी : त्याच किटमध्ये आयजीएमची वेगळी पट्टी. फक्त किट बंद गाडीत ठेवू नका, बहुतेकदा ३० अंशांची मर्यादा डब्यावर छापलेली असते.