'इम्पीड' रोजच्या इंग्रजीत चालतं का?

सचिव_कोथरूड

सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लावायची आहे. जुनी चार मजली इमारत, आत यायला एकच बोळ, आणि रात्री त्याच बोळात दुचाक्या लावलेल्या. मध्यंतरी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं तर रुग्णवाहिका फाटकाच्या आत येऊच शकली नाही. स्ट्रेचर गाड्यांमधून वाट काढत न्यावं लागलं. आजोबा आता बरे आहेत, पण पुन्हा असं होऊ द्यायचं नाही.

भाड्याने राहणारी बरीच मुलं परप्रांतातली आहेत, म्हणून मराठीखाली इंग्रजी मजकूरही हवा. मी लिहिलं, 'टू-व्हीलर्स पार्क्ड हिअर इम्पीड द ॲम्ब्युलन्स.' आमचे खजिनदार म्हणतात, असं कुणी बोलत नाही. ऑफिसात मात्र 'मंजुरी आली नाही म्हणून काम अडलंय' हे सांगताना मी सर्रास 'इम्पीड' वापरते आणि आजवर कुणी हटकलेलं नाही. इम्पीड, हिंडर, हॅम्पर, ऑब्स्ट्रक्ट, शब्दकोशात चारही ठिकाणी 'अडथळा आणणे'. मग नेमकं कुठे काय वापरायचं?

वारजे_रायडर

ताई, सरळ 'डोन्ट ब्लॉक द लेन' लिहा. रात्री साडेअकराला दमून आलेला मुलगा चार शब्दच वाचतो.

नारायणपेठी

कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, तेव्हा थोडं सविस्तर लिहितो.

'इम्पीड' चुकीचं नाही, पण ते लिहिण्यातलं क्रियापद आहे. इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस घरात, रस्त्यावर, दुकानात 'यू आर इन माय वे' म्हणतो, 'इट्स ब्लॉकिंग द गेट' म्हणतो, 'वी गॉट हेल्ड अप' म्हणतो. आपणही जिन्यात कुणी उभं असेल तर 'आपण माझ्या मार्गात अडथळा आणत आहात' म्हणत नाही, 'जरा बाजूला व्हा' म्हणतो.

मराठीकडून गेलात तर निवड सोपी होते. आड येणं म्हणजे 'गेट इन द वे'. वाट अडवणं म्हणजे 'ब्लॉक'. खोळंबा होणं म्हणजे 'बी हेल्ड अप', इतकं चपखल की विद्यार्थ्यांना एकदा सांगितलं की पुरे. पावसामुळे बचावकार्यात अडचणी येतात तिथे 'हॅम्पर', वर्तमानपत्रात हे रोज दिसतं. शब्दकोशात चारही क्रियापदांसमोर एकच अर्थ छापतात आणि मुलं तोच पाठ करतात, याचं मला फार वाईट वाटतं. शब्द त्याच्या सोबतच्या शब्दांसकट शिकवायला हवा.

आता इम्पीड आणि ऑब्स्ट्रक्ट. 'इम्पीड'चं मूळ लॅटिन, त्यात 'पाऊल' आहे: पायात बेडी घालणं. पाय मोकळे करणं म्हणजे 'एक्स्पिडाइट', तेही त्याच घराण्यातलं. म्हणून इम्पीड म्हटलं की बहुधा चाल मंदावते, थांबतेच असं नाही. 'ऑब्स्ट्रक्ट'मध्ये आडवं काहीतरी रचून ठेवणं आहे. कायद्याची भाषा हा फरक बरोबर पाळते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १२२ धोकादायक स्थितीत सोडलेल्या वाहनाबद्दल आहे, तिथे शब्द 'ऑब्स्ट्रक्शन'. अमेरिकेतल्या वाहतूक नियमांत अतिशय हळू गाडी चालवून मागच्यांचा वेग रोखणाऱ्यासाठी 'इम्पीड' येतो. उभी गाडी ऑब्स्ट्रक्ट करते, रेंगाळणारी इम्पीड करते.

त्यामुळे तुमच्या नोटिशीत 'ब्लॉक'च हवं. ऑफिसातल्या वाक्यालाही 'द अप्रूव्हल इज होल्डिंग अस अप' बरं. इम्पीड प्रगती, वाहतूक, तपास, रक्तप्रवाह अशा गोष्टींसाठी राखून ठेवा.

भोसरी_इलेक्ट्रिकल

सरांना दुजोरा. आमच्या धंद्यात हा शब्द रोज तोंडात असतो, फक्त नाम म्हणून: इम्पीडन्स, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा. ऑलिव्हर हेविसाइड या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये रूढ केलेला. एसी (दिशा बदलत वाहणाऱ्या विजेच्या) सर्किटमध्ये इम्पीडन्स असला तरी प्रवाह वाहतो, कमी वाहतो. पूर्ण तुटला तर आम्ही 'ओपन' म्हणतो. मंदावणं आणि थांबणं यातला फरक मला इथूनच कळला.

क्रिकेटवेडा_सहकारनगर

ऑब्स्ट्रक्टमध्ये मुद्दाम केल्याची छटाही असते का? 'ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड' आठवलं. २००६ मध्ये पेशावरला रैनाचा थ्रो इंझमामने बॅटने अडवला आणि बाद ठरला.

नारायणपेठी

क्रिकेटच्या नियमात हेतू पाहतात, बरोबर. 'सरकारी कामात अडथळा' या गुन्ह्यातही इंग्रजी शब्द ऑब्स्ट्रक्ट आहे आणि तिथेही तो जाणूनबुजून असावा लागतो. पण झाड 'ऑब्स्ट्रक्ट्स द व्ह्यू' म्हणतात तेव्हा झाडाचा काय हेतू असणार! माणूस कर्ता असेल तर ऐकणाऱ्याला आरोपाचा वास येऊ शकतो, एवढं लक्षात ठेवा. शेजाऱ्याला लिहिताना म्हणूनच तो शब्द टाळावा.

सचिव_कोथरूड

सर, मनापासून आभार. आरोपाचा वास नकोच आहे, ही मुलं वाईट नाहीत, त्यांना दुसरी जागाच नाही. पार्किंगची जागा नव्याने आखून देण्याचं आम्ही बैठकीत घेतोय. एक शंका राहिली: 'इम्पीडेड मी टू गो' आमच्याकडे ईमेलमध्ये सतत दिसतं. चालतं का?

नारायणपेठी

नाही. इम्पीडपुढे माणसाची कृती 'टू' लावून येत नाही. 'प्रिव्हेंटेड मी फ्रॉम गोइंग' किंवा बोलताना 'कुडन्ट गो बिकॉज ऑफ' म्हणा. इम्पीडला थेट कर्म द्यायचं: 'इम्पीडेड द वर्क'. आणि उच्चार सांभाळा. क्रियापदात 'पी' दीर्घ आणि जोर त्याच्यावर. 'इम्पेडिमंट' म्हणताना मात्र तो 'पे' होतो.